अन्न न मानवणाऱ्या कुत्र्यासाठी योग्य खाद्य कसे निवडावे

कुत्रा सतत पंजे चाटू लागला, त्याचे कान पुन्हा पुन्हा बिघडू लागले किंवा महिनोन्‌महिने शौच पातळच होत राहिले, की बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणून खाद्याचे पाकीट बदलले जाते. आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही की दुसरे पाकीट येते, मग तिसरे. या धरसोडीत नेमका कोणता घटक बाधतो हे कळत नाहीच, शिवाय इतक्या प्रकारचे मांस कुत्र्याच्या पोटात जाऊन येते, की पुढे खरी चाचणी करायची वेळ आल्यावर त्याने पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन शोधणे अवघड होऊन बसते. त्यामुळे आधी निदानाची दिशा ठरवायची, मग चाचणीसाठी खाद्य निवडायचे, आणि त्या चाचणीच्या निकालावरून कायमचा आहार ठरवायचा, हाच क्रम पाळावा. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

त्रास अन्नामुळेच आहे का, हे आधी पाहा

खाज सुटणाऱ्या कुत्र्यांपैकी सगळ्यांनाच अन्न बाधत असते असे नाही. पिसवा, खरजेचे किडे, त्वचेवरील जिवाणूंचा किंवा यीस्टचा संसर्ग आणि धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी यांतून अगदी तशीच लक्षणे दिसतात. पिसवांच्या बाबतीत तर अंगावर एकही पिसू सापडली नाही तरी संशय पूर्णपणे फिटत नाही, कारण ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला थोडेसे चावेही पुरतात. पोटाच्या तक्रारींत जंत, जिआर्डिया हा आतड्यातील सूक्ष्म परजीवी, स्वादुपिंडाचे विकार आणि अ‍ॅडिसनचा आजार (मूत्रपिंडांजवळील अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके कमी पडणे) ही कारणे आधी वगळावी लागतात. पशुवैद्याकडून त्वचेची आणि विष्ठेची तपासणी करून घेतल्याशिवाय आहारचाचणी सुरू करणे म्हणजे दोन-तीन महिन्यांचे कष्ट पणाला लावणे होय.

अन्नाकडे बोट दाखवणाऱ्या काही खुणा मात्र आहेत. ऋतू बदलला तरी न बदलणारी खाज, विशेषतः पंजे, चेहरा, कान, काखा, पोट आणि गुदद्वाराभोवतीचा भाग येथील खाज. औषधाने तात्पुरता बरा होऊन परत उलटणारा कानाचा संसर्ग. आणि त्वचेच्या त्रासाबरोबरच दिवसातून तीनपेक्षा अधिक वेळा शौच, पोटात गुरगुर, वारंवार वायू सरणे किंवा अधूनमधून उलटी. काही कुत्र्यांत तर कान बिघडणे हे एकमेव लक्षण असते. पुष्कळ पालकांचा असा समज असतो की वर्षानुवर्षे खाल्लेले अन्न एकाएकी बाधणार नाही. वस्तुस्थिती उलट आहे: अ‍ॅलर्जी निर्माण होण्यासाठी त्या प्रथिनाशी आधी ओळख व्हावी लागते, त्यामुळे रोजच्या सवयीचे अन्नच बहुधा कारण ठरते.

वारंवार उलट्या, रक्तमिश्रित किंवा डांबरासारखी काळी विष्ठा, फुगलेले पोट, चेहऱ्यावर सूज, श्वास घेण्यास त्रास, झपाट्याने उतरणारे वजन किंवा मलूल झालेले पिल्लू, यांपैकी काहीही दिसल्यास खाद्याचा विचार बाजूला ठेवून त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे.

अ‍ॅलर्जी की असहिष्णुता

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांसाठी निवडायचे खाद्यही वेगळे आहे. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाविरुद्ध उभी राहते, आणि तिथे अगदी थोडे प्रमाणही लक्षणे जागी करू शकते. असहिष्णुतेत प्रतिकारयंत्रणेचा संबंध नसतो. दुधातील लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) प्रौढ कुत्र्यांत कमी असते, म्हणून थोडे दूध चालते आणि वाटीभर दिले की जुलाब होतात. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे त्याला स्निग्ध पदार्थ जड जातात. मोठ्या आतड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला, म्हणजे ज्याला थोडे थोडे पण वारंवार, चिकट आव पडणारे शौच होते त्याला, विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, तंतूंनी पुष्कळदा आराम पडतो. अशा ठिकाणी प्रथिनाचा स्रोत बदलून उपयोग होत नाही. स्निग्धांशाचे किंवा तंतूंचे प्रमाण बदलावे लागते.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत संशयितांची यादी बरीच स्पष्ट आहे. बीएमसी व्हेटरिनरी रिसर्च या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत गोमांस सुमारे ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधक ठरल्याचे दिसते. अंडी, सोया, मका, मासे हेही यादीत आहेत, पण बरेच खाली. हे आकडे नीट पाहिले तर दोष प्रामुख्याने मांस आणि दुधाकडे जातो, आणि तरीही बाजारात सर्वाधिक गाजावाजा होतो तो धान्यविरहित खाद्याचा. धान्य हे कारण असू शकते, आयरिश सेटर जातीत तर ग्लूटेन हे गव्हातील प्रथिन न सोसणारा आतड्यांचा आनुवंशिक विकार सर्वज्ञात आहे, पण पुरावा नसताना केवळ धान्य वगळल्याने प्रश्न सुटेल असे मानणे चुकीचे आहे. त्यात आणखी एक सावधगिरी हवी. वाटाणे, मसूर यांसारखी द्विदले आणि बटाटे यांवर आधारलेल्या, मुख्यतः धान्यविरहित खाद्यांचा डायलेटेड कार्डिओमायोपथी या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, तरीही गरज नसताना असे खाद्य निवडू नये, असे माझे मत आहे.

रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून कोणते अन्न बाधते हे सांगणाऱ्या चाचण्या सहज उपलब्ध आहेत. त्यांचे अहवाल लांबलचक असतात, परंतु अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे निदान करण्याइतक्या त्या विश्वासार्ह नाहीत. निरोगी कुत्र्यांच्या नमुन्यांवरही त्या चाचण्या पदार्थ ‘बाधक’ ठरवतात. अशा अहवालाच्या आधारे घरातील निम्मे पदार्थ कायमचे बंद केलेली कुत्री पाहिली की वाईट वाटते. निदानाचा खात्रीचा मार्ग आजही एकच आहे: संशयित घटक पूर्णपणे वगळलेला आहार काही आठवडे देणे आणि नंतर जुने अन्न पुन्हा देऊन पाहणे.

चाचणीसाठी कोणते खाद्य घ्यावे

प्रथम कुत्र्याच्या खाण्याचा इतिहास कागदावर उतरवा. मुख्य खाद्य, बिस्किटे, चघळण्याची हाडे, औषध लपवून देण्यासाठी वापरलेले पदार्थ, माणसांच्या ताटातील उष्टे, या सर्वांतून आजवर कोणकोणती प्रथिने पोटात गेली, ते आठवून लिहा. घरातील प्रत्येकाला विचारा, कारण गुपचूप घास देणारे कोणीतरी बहुतेक घरांत असतेच. ही यादी तयार झाल्यावर तीन मार्ग समोर राहतात.

पहिला मार्ग हायड्रोलाइज्ड प्रथिनांच्या खाद्याचा. यात प्रथिनांचे विकरांच्या साहाय्याने इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारयंत्रणेला ते सहसा ओळखता येत नाहीत. कुत्र्याचा इतिहास ठाऊक नसेल, उदाहरणार्थ तो मोठा झाल्यावर दत्तक घेतलेला असेल, तर हा मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र तुकडे किती बारीक केले आहेत हे उत्पादनागणिक बदलते, आणि कोंबडीची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना कोंबडीपासून केलेले हायड्रोलाइज्ड खाद्यही बाधते. म्हणून मूळ प्रथिन संशयित यादीबाहेरचे असलेले उत्पादन मिळाल्यास ते पसंत करावे.

दुसरा मार्ग नवीन प्रथिनाचा, म्हणजे कुत्र्याने आयुष्यात कधीच न खाल्लेल्या प्राण्याच्या मांसाचा. ससा, हरीण, घोडा, कांगारू, काही खाद्यांत कीटक, असे पर्याय यासाठी वापरले जातात. इथे प्राण्यांचे नातेसंबंध लक्षात घ्यावे लागतात. गोमांस बाधणाऱ्या कुत्र्याला मेंढी किंवा हरीण बाधू शकते, कारण हे सारे रवंथ करणारे प्राणी असून त्यांची काही प्रथिने एकमेकांसारखी असतात. तसेच कोंबडी बाधत असेल तर बदक आणि टर्की यांना पूर्णपणे सुरक्षित मानता येत नाही. कीटकांपासून केलेल्या खाद्याबाबत, धुळीतील माइट या सूक्ष्म किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांत प्रतिक्रिया येण्याच्या शक्यतेबद्दल पशुवैद्याशी आधी बोलून घ्यावे.

तिसरा मार्ग घरी शिजवलेल्या अन्नाचा. एक नवीन प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढ्यावरच हे अन्न बेतलेले असते, आणि त्यात काय आहे यावर पूर्ण ताबा राहतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु नुसते मांस आणि भात हा दीर्घकाळ चालणारा आहार होऊ शकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी घरी करायच्या कुत्र्यांच्या २०० पाककृती तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी भरले. प्रौढ, धडधाकट कुत्र्याला चाचणीपुरते असे अन्न पशुवैद्याच्या देखरेखीखाली देता येते. वाढत्या पिल्लाला मात्र कॅल्शियम आणि फॉस्फरसचा समतोल सांभाळलेली, पशुपोषणतज्ज्ञाने आखून दिलेली कृतीच द्यावी. कच्चे मांस दिल्याने अ‍ॅलर्जी टळते, हा समज निराधार आहे. शिजवलेले बाधते ते प्रथिन कच्च्यातही तसेच असते, आणि साल्मोनेलासारख्या जिवाणूंचा धोका कुत्र्यालाही असतो आणि घरातील माणसांनाही.

यांपैकी पहिल्या दोन मार्गांत, दुकानातील साध्या ‘संवेदनशील पोटासाठी’ किंवा ‘मर्यादित घटक’ असे लिहिलेल्या पाकिटापेक्षा पशुवैद्यकीय वापरासाठी तयार केलेले चाचणीचे खाद्य घ्यावे असे मी आग्रहाने सांगतो. निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत साध्या विक्रीच्या मर्यादित घटकांच्या खाद्यांमध्ये लेबलवर नसलेली मांसाची प्रथिने वेळोवेळी आढळली आहेत. एकाच यंत्रावर आधी दुसरे खाद्य तयार झालेले असते, आणि त्याचा राहिलेला अंश चाचणी बिघडवण्यास पुरेसा ठरतो.

लेबल वाचताना

पाकिटाच्या पुढच्या बाजूवरील मोठी अक्षरे खरेदीसाठी असतात. निर्णय मागच्या बाजूवरील घटकांच्या यादीवरून घ्यावा. समजा पुढे ‘बदक आणि बटाटा’ असे लिहिले आहे. मागे यादीत बदकाखालोखाल ‘पोल्ट्री मील’, पुढे ‘अ‍ॅनिमल फॅट’ आणि शेवटी ‘नैसर्गिक चव’ असे शब्द दिसले, तर या खाद्यात कोणत्या पक्ष्याचे व कोणत्या प्राण्याचे अंश आहेत हे तुम्हाला कळलेलेच नाही. ‘पोल्ट्री’ या शब्दात कोंबडी सहज येते, आणि चवीसाठी वापरलेला अर्क बहुधा प्राणिज यकृताचा किंवा मांसाचा असतो. अशा वेळी पाकीट परत ठेवावे. अमेरिकेतील आफ्को या संस्थेच्या नामकरणाच्या नियमांनुसार एखाद्या खाद्याच्या नावात ‘विथ डक’ असे असेल तर बदकाचे प्रमाण ३ टक्के असले तरी चालते, आणि ‘डक फ्लेवर’ असेल तर तेवढेही लागत नाही. उरलेले प्रथिन कुठून आले, हाच खरा प्रश्न आहे.

त्याच लेबलवर खाद्य ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ (संपूर्ण व संतुलित) आहे का आणि कोणत्या वयासाठी, हे पाहावे. केवळ पूरक म्हणून विकले जाणारे खाद्य रोजचा मुख्य आहार म्हणून वापरता येत नाही.

स्निग्धांशाची तुलना करायची असेल तर पाकिटावरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. एका डबाबंद ओल्या खाद्यावर स्निग्धांश ५ टक्के आणि पाणी ७८ टक्के लिहिले आहे, तर कोरड्या खाद्यावर स्निग्धांश १४ टक्के आणि पाणी १० टक्के, असे धरा. पहिले खाद्य हलके वाटते. पण पाणी वजा केल्यावर ओल्या खाद्यात २२ टक्के कोरडा अंश उरतो, आणि ५ ला २२ ने भागून १०० ने गुणले की स्निग्धांश जवळजवळ २३ टक्के येतो; कोरड्या खाद्यात १४ ला ९० ने भागल्यास तो साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास राहतो. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या कुत्र्यासाठी ओला डबा म्हणूनच अधिक धोक्याचा ठरेल. शक्य असल्यास उत्पादकाकडून दर १००० किलोकॅलरीमागे किती ग्रॅम स्निग्धांश आहे, ही माहिती मागवून घ्यावी. तुलनेसाठी ती सर्वांत नेमकी असते.

चाचणी प्रत्यक्ष कशी करावी

नव्या खाद्यावर एकदम उडी घेऊ नये. सुमारे ७ ते १० दिवसांत जुन्याचे प्रमाण घटवीत नवीन वाढवावे: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मे, मग पाऊण, आणि त्यानंतर पूर्ण. चाचणीचे आठवडे जुना घास पूर्ण थांबल्या दिवसापासून मोजावेत.

किती आठवडे, यावर पुष्कळांचा धीर सुटतो. २०१५ साली बीएमसी व्हेटरिनरी रिसर्चमध्येच आलेल्या आढाव्यानुसार पाच आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक, तर आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांची त्वचेची लक्षणे आटोक्यात येतात. म्हणजेच तिसऱ्या आठवड्यात खाज तशीच आहे म्हणून चाचणी सोडून देणाऱ्याने निकाल लागण्याआधीच मैदान सोडलेले असते. पोटाच्या तक्रारी तुलनेने लवकर, बहुधा दोन आठवड्यांच्या आतच सुधारतात. पहिल्या काही आठवड्यांत खाज असह्य असेल तर पशुवैद्य औषध देतात आणि ते द्यावेच; फक्त शेवटचे किमान दोन आठवडे ते औषध थांबवलेले असावे, नाहीतर सुधारणा आहाराची की औषधाची, हे कळणार नाही. कानातील किंवा त्वचेवरील संसर्गाचे उपचारही सोबतच पूर्ण करावेत.

चाचणीच्या काळात त्या एका खाद्याशिवाय आणि पाण्याशिवाय तोंडात काहीही जाता कामा नये. सर्वाधिक चाचण्या याच ठिकाणी फसतात, आणि फसल्याचे कळतही नाही. चव असलेल्या जंताच्या आणि पिसवांच्या चघळायच्या गोळ्या, जिलेटिनचे कॅप्सूल, कुत्र्यांची टूथपेस्ट, सांध्यांची पूरके, काही प्रोबायोटिक पावडरी, या सर्वांत प्राणिज प्रथिने असू शकतात. पशुवैद्याला सांगून त्यांना चवविरहित किंवा त्वचेवर लावायचे पर्याय मागावेत. मांजराची थाळी आणि मांजराची विष्ठा, लहान मुलाच्या हातातून पडलेले खाऊ, फिरायला नेताना रस्त्यावर सापडलेले तुकडे, यांवर नजर ठेवावी लागते. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना वेगळ्या खोलीत जेवू घालावे, किंवा दोघांनाही तेच खाद्य द्यावे. बक्षीस म्हणून त्याच खाद्याचे दाणे वापरावेत. ओले खाद्य असेल तर त्याचे पातळ काप करून मंद आचेवर वाळवले की उत्तम बिस्किटे होतात. चाचणीनंतरही वरखाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आतच ठेवावा. १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याची गरज सुमारे ६३० किलोकॅलरी धरली, तर वरखाऊसाठी फक्त ६३ उरतात.

रोजची नोंद ठेवणे हा चाचणीचाच भाग आहे. खाजेला ० ते १० असा अंक द्यावा, शौच किती वेळा झाले आणि किती घट्ट होते ते लिहावे, आणि काही उचलून खाल्ले असल्यास त्याची प्रामाणिक नोंद करावी. ‘खाज ६, रात्री दोनदा पंजे चाटले, शौच तीन वेळा, शेवटचे पातळ, मुलाच्या हातचे बिस्किट खाल्ले’ एवढी एक ओळ पुरते. दोन महिन्यांनी मनावर विसंबून काढलेला निष्कर्ष आणि वहीतून निघणारा निष्कर्ष यांत पुष्कळदा फरक पडतो. दर दोन आठवड्यांनी वजनही करावे.

जुने अन्न परत देऊन पाहणे

आठ आठवड्यांनी कुत्रा बरा झाला की आनंदाच्या भरात पुढची पायरी टाळण्याचा मोह होतो. ती टाळू नये. सुधारणा ऋतुबदलाने किंवा संसर्गाच्या उपचाराने झालेली असू शकते, आणि हे तपासल्याशिवाय कुत्र्याला आयुष्यभर महागड्या किंवा मर्यादित आहारावर ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने जुने खाद्य पुन्हा सुरू करावे. अन्नाचाच दोष असेल तर लक्षणे काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंतच्या काळात परत येतात. ती दिसताच चाचणीच्या खाद्यावर परतावे आणि त्वचा व पोट शांत होऊ द्यावे. पूर्वी अन्नामुळे चेहरा सुजला असेल किंवा श्वास अडकला असेल, तर ही पायरी घरी मुळीच करू नये.

यानंतर एकेक घटक स्वतंत्रपणे तपासावा: चाचणीच्या खाद्यात थोडे साधे शिजवलेले गोमांस, मग कोंबडी, मग अंडे, दूध, गहू, प्रत्येकी एक ते दोन आठवडे, आणि मध्ये लक्षणे शमेपर्यंत विश्रांती. तेल, मीठ, मसाला यांपैकी काहीही नको. कांदा-लसूण तर कुत्र्यांना विषारीच आहे. बहुतेक कुत्र्यांना एक-दोनच घटक बाधत असल्याचे यातून स्पष्ट होते आणि निवड एकदम सोपी होऊन जाते. ज्या कुत्र्याला फक्त कोंबडी बाधते त्याला कोंबडीचा कोणताही अंश नसलेले साधे संपूर्ण खाद्यही चालू शकते, मग धान्य टाळण्याची किंवा दुर्मीळ मांस शोधण्याची गरज उरत नाही.

आठ आठवडे काटेकोर पाळूनही काहीच फरक पडला नाही, तर एकदा दुसऱ्या प्रकारच्या चाचणी-खाद्यावर प्रयत्न करणे योग्य ठरते, विशेषतः पहिले नवीन प्रथिनाचे असेल तर दुसरे हायड्रोलाइज्ड. त्यानेही फरक पडला नाही की धूळ-परागकणांच्या अ‍ॅलर्जीचा किंवा आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा विचार पशुवैद्यासोबत करावा. अन्न आणि वातावरण अशा दोन्ही अ‍ॅलर्जी एकाच कुत्र्यात असू शकतात. तेव्हा आहाराने खाज ८ वरून ४ वर आली, तर तो अर्धवट निकालही मोलाचा आहे.

कायमचा आहार ठरल्यावर

सुरक्षित खाद्य सापडले की त्याची घटकांची यादी छायाचित्र काढून जपून ठेवावी आणि प्रत्येक नव्या पाकिटावरची यादी तिच्याशी ताडून पाहावी, कारण उत्पादक नाव तेच ठेवून घटक बदलतात. कोरडे खाद्य मूळ पाकिटातच, तोंड घट्ट बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवावे. जास्त काळ उघड्या राहिलेल्या खाद्यात साठवणीतील माइट वाढतात आणि काही कुत्र्यांना तेही बाधतात. खाज अचानक परतली तर खाद्य बदलण्यापूर्वी आधी नवे पाकीट, नवी औषधे आणि पिसवा तपासाव्यात.

वजनावर लक्ष ठेवावे. नऊ अंकांच्या शरीरस्थिती-मापनात ४ किंवा ५ हा प्रौढ कुत्र्यासाठी योग्य टप्पा असून, त्यात बरगड्या हाताला सहज लागतात आणि वरून पाहता कंबर दिसते. घरी शिजवलेल्या आहारावर असलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी आणि कृतीची फेरतपासणी किती महिन्यांनी करायची, हे पशुपोषणतज्ज्ञाकडून लिहून घ्यावे. बाधक घटकांची यादी दवाखान्यातील नोंदीत, तसेच कुत्र्याला सांभाळणाऱ्या किंवा फिरवणाऱ्या व्यक्तीकडे लेखी द्यावी, आणि तो त्यांच्याकडे राहणार असेल तेव्हा त्याचे खाद्य, वरखाऊ व औषधे घरूनच मोजून सोबत पाठवावीत.